कान तुटलेला कप

शनिवार, ४ फेब्रुवारी

ही डायरी बायकोच्या ड्रायव्हिंग स्कूलची. दरवर्षी ती शिकाऊ मंडळींना वाटायला छापून घेते आणि उरलेल्या प्रती घरच्यांच्या गळ्यात मारते. प्रत्येक पानाच्या तळाशी रस्त्यावरचं एखादं चिन्ह असतं. आजच्या पानावर 'पुढे रस्ता अरुंद आहे'. आजच्या दिवसाला ते शोभून दिसतं, म्हणून आजपासून लिहायला घेतो.

माझा जोडीदार दाढी चालला. दुसऱ्या शहरात नोकरी लागली आणि त्या कंपनीच्या अटींत बाहेरचं काम करायला मनाई आहे, फुकट असलं तरी. मार्चअखेर जाणार. हे त्याने इतक्या सहज सांगितलं की मी आधी "अभिनंदन" म्हणून बसलो. आता उरलो मी एकटा, हे लक्षात आलं ते नंतर.

दाढीने आणि मी मिळून 'देवघेव' उभं केलं. वाचनालयांनी पुस्तकं द्यावी-घ्यावी, परतीच्या तारखा सांभाळाव्या, सभासदांना आठवण द्यावी, यासाठीचा प्रोग्राम. ओपन सोर्स. म्हणजे फुकट तर आहेच, पण त्याचा कोड कुणीही उघडून वाचावा, चूक दिसली तर सुधारून पाठवावी, आम्ही तपासून आत घेतो. कुणीही म्हणजे अगदी कुणीही. प्रत्यक्षात मी, दाढी आणि मास्तर. मास्तर गणिताचे निवृत्त शिक्षक, मदतपुस्तिका लिहितात. दर शनिवारी आम्ही छापखान्याच्या माडीवरच्या खोलीत जमतो. खाली मशीन सुरू झालं की वर टेबल थरथरतं, कप चालू लागतात.

जाताना दाढीने कान तुटलेला कप धुऊन टेबलावर ठेवला. आमची जुनी रीत आहे. ज्याच्या हातून देवघेव फुटतं, म्हणजे नवी आवृत्ती सोडल्यावर कुठेतरी वाचनालयाचा कारभार अडतो, त्याने सगळ्यांना चहा पाजायचा आणि पुढच्याच्या हातून फुटेपर्यंत स्वतः त्या बिनकानाच्या कपातून प्यायचा. बोटं भाजतात. माणसाने जपून काम करावं हा हेतू. मास्तरांनी तो कप पुष्कळदा मिळवलाय आणि तसं ते नव्या माणसाला ओळख करून देतानाच सांगतात.

मंगळवार, ७ फेब्रुवारी

वाचनालय संघाच्या अध्यक्षबाईंनी बोलावलं होतं. दाढीची बातमी त्यांच्यापर्यंत माझ्या आधी पोचलेली.

"म्हणजे आता तुम्ही एकटे," त्या म्हणाल्या. "उद्या तुम्ही ताप येऊन पडलात तर?"

"मी पडत नाही," मी म्हणालो.

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. मग सरळ सांगितलं की जुलैत वार्षिक पडताळणी आहे, सगळ्या वाचनालयांतली पुस्तकं तपासून होतील. त्याआधी तुमच्या गैरहजेरीत देवघेव चालवू शकेल असं दुसरं माणूस दाखवा. नाहीतर संघ विकतचा प्रोग्राम घेईल, बोलणी सुरू आहेत.

जे काम मी पोरासारखं वाढवलं ते असं कुणाच्या तरी बोलण्यात संपणार.

उठताना त्या म्हणाल्या, "आमच्या ग्रंथपालांत निम्म्याहून जास्त बायका. रोज तुमचाच प्रोग्राम वापरतात. तुमच्यात एकही कशी नाही हो?"

"आमचं दार सगळ्यांना उघडं आहे," मी म्हणालो. याहून जास्त माणसाने काय करावं?

शनिवार, ११ फेब्रुवारी

महिला स्वागत समिती स्थापन केली. मी, दाढी, मास्तर. एकमताने.

पुढच्या शनिवारी संध्याकाळी साडेसातला मेळावा. मास्तरांनी 'भगिनींनो' अशी सुरुवात करून निमंत्रण लिहिलं, ते आम्ही खोडायला लावलं. दाढीने पत्रक गुलाबी केलं. माझी कल्पना सगळ्यांत व्यवहारी: आमच्याकडच्या सोप्या सोप्या चुका बाजूला काढून त्यांवर 'नवीन मैत्रिणींसाठी राखीव' असा शिक्का मारला. कुठे बटण चुकीच्या जागी, कुठे अक्षर कापलं जातंय, कुठे नाव दोनदा छापलं जातंय. नवख्या माणसाला हात बसायला उत्तम.

शिवाय पाहुण्यांसाठी बशीसकट चांगले कप आणले. बायका येणार तर नीट दिसायला हवं.

बायकोला सगळं सांगितलं. ती शिकवणीची गाडी पुसत होती. "साडेसात ही वेळ कुणी काढली?"

"आमची नेहमीचीच आहे."

"हं," ती म्हणाली आणि आरसा पुसू लागली. तिचं हे 'हं' मला कधीच कळलेलं नाही. वेळ मात्र चारची केली.

सोमवार, १३ फेब्रुवारी

राखीव चुकांपैकी एक सोडवली. नाव दोनदा छापलं जायचं ती. डोळ्यांसमोर होती आणि हात शिवशिवत होते. एवढीशीच तर होती.

बुधवार, १५ फेब्रुवारी

अजून काही सोडवल्या. कापलं जाणारं अक्षर आणि बटण एकाच फाइलमध्ये निघाले. तिथे गेलोच होतो तर करून टाकले.

शनिवार, १८ फेब्रुवारी

मेळावा झाला. अपेक्षेपेक्षा बऱ्याच जणी आल्या. मी प्रास्ताविक केलं. देवघेवचा इतिहास अगदी पहिल्या ओळीपासून सांगितला. मध्ये काही जणींना जावं लागलं, बहुधा घरची कामं.

मग म्हटलं, आता प्रत्यक्ष काम. राखीव चुकांचं पान उघडलं तर त्यावर काहीच नाही. माझ्या होत्या त्या मी सोडवल्या, हे कबूल. पण उरलेल्या दाढीने आणि मास्तरांनी गुपचूप उडवल्या होत्या! दाढी म्हणाला, "अरे, बसमध्ये कंटाळा आला होता." मास्तर छताकडे बघत राहिले. समोर इतक्या बायका लॅपटॉप उघडून बसलेल्या आणि आमच्याकडे त्यांना द्यायला एक साधी चूक नाही. एवढं निर्दोष काम आहे याचा खरं तर अभिमान वाटायला हवा.

शेवटी दोघी उरल्या. एक तक्रारबाई. हे नाव माझं, मनातल्या मनातलं. त्या एका शाखा वाचनालयात ग्रंथपाल आहेत आणि कित्येक वर्षं आम्हाला चुका कळवतात: काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं, सोबत चित्र. दर वेळी बरोबर असतात, त्यामुळे माणसाला राग येतो. दुसरी इस्पितळातली नर्स. तिथे वॉर्डात पुस्तकांची ढकलगाडी फिरते, तिचा हिशेब देवघेववर ठेवतात.

"आमच्या हाताला काही नाही, तर आम्हीच शोधून आणू का?" तक्रारबाईंनी विचारलं.

मी म्हणालो, "अवश्य मॅडम, आपलं स्वागत आहे." आणि त्यांना बशीसकट कपात चहा दिला.

शनिवार, ४ मार्च

नर्सबाईंनी पहिला पॅच पाठवला, म्हणजे कोडमधली सुधारणा. पेशंट बरा होऊन घरी जातो, पुस्तक उशाशीच राहतं, आणि देवघेव त्याला महिनोन् महिने 'पुस्तक परत करा' म्हणून पत्रं पाठवत राहतं. काही पेशंट तर घरी जात नाहीत, वेगळ्याच ठिकाणी जातात. त्यांच्या माणसांना अशी पत्रं गेलेली त्यांनी पाहिली आहेत. म्हणून त्यांनी सोय केली: वॉर्ड सोडला की पत्रं बंद, पुस्तक कुठे आहे ते गाडीवालीला विचारायचं.

कल्पना चांगली. लिहिण्याची पद्धत नवशिकी. परत पाठवून त्यांना कशाला त्रास द्यायचा? मी सकाळी ऑफिसला जायच्या आधी सगळं नव्याने लिहिलं. इस्पितळच नव्हे, वसतिगृह, तुरुंग, जहाज, सगळीकडे चालेल असं. त्यांची एक ओळ तशीच राहिली. आभाराच्या यादीत त्यांचं नाव घातलं. आज दाखवलं तेव्हा त्या भारावून गेल्या असाव्यात, काही बोलल्याच नाहीत.

एक गंमत. जिना चढत होतो तेव्हा नर्सबाई आत कुणाला तरी हळूच सांगत होत्या, "सासूबाई आल्या." मी खोलीत पाहिलं, जिन्यात पाहिलं, कुठेही म्हातारी बाई नाही. बिचाऱ्यांच्या सासूबाई खालीच थांबल्या असणार, आमचा जिना अवघड आहे. मी मास्तरांना म्हटलं, त्यांना खाली खुर्ची तरी नेऊन द्या. मास्तरांना एकदम ठसका लागला.

शनिवार, २५ मार्च

दाढीचा शेवटचा शनिवार. मिठी मारली, दाढी टोचली. डोळे पुसले. धूळ फार आहे त्या खोलीत.

नर्सबाई सलग तिसऱ्या शनिवारी आल्या नाहीत. ड्युटी वाढली असेल. मी निरोप पाठवला की आपल्या सुविधेत आणखी सुधारणा केल्या आहेत. उत्तर नाही. तक्रारबाई मात्र येतात. त्यांच्या पॅचमध्ये किरकोळ डागडुजी करून मी ते आत घेतो. त्यांच्या वाटेला एकही अडचण येऊ नये याची मी जातीने काळजी घेतो. मास्तरांचा पॅच मात्र परत पाठवला: 'अरे बाबा, हे काय लिहिलंयस, डोळे मिटून लिहिलंस का?' मास्तर माझ्यापेक्षा वयाने किती मोठे, पण देवघेवमध्ये सगळे अरे-तुरे.

शनिवार, ८ एप्रिल

आज डोकं भणभणलंय. जसं झालं तसं लिहितो.

तक्रारबाई म्हणाल्या, "सर, एक विचारू?"

"विचारा ना मॅडम."

"माझ्या हातून अजून काहीच फुटलं नाही."

"कौतुकाची गोष्ट आहे!"

"कसलं कौतुक? मी पाठवते, सकाळी बघते तर तुम्ही सगळं बदललेलं. माझं त्यात उरतंच काय फुटायला?" त्यांचा आवाज चढला नव्हता, पण कप बशीवर ठेवला तो जरा जोरात. "मास्तरांचं असं करता?"

"मास्तरांना मी चार शब्द सुनावतो आणि परत पाठवतो."

"मग मला सुनावा."

"तुम्हाला? छे छे!"

"नर्सही हेच म्हणाली. म्हणाली, एक ओळ ठेवली माझी, तीही रिकामी होती. म्हणून ती येत नाही. ड्युटीबिटी काही नाही."

मी म्हणालो, आम्ही तर तुम्हाला जपतो. त्या हसल्या, पण नेहमीसारख्या नाही. टेबलावरच्या कान तुटलेल्या कपाकडे बोट दाखवून म्हणाल्या, "तो मला कधी मिळणार?"

"मॅडम, ती शिक्षा आहे."

"आणि ही काय आहे?" त्यांनी हातातली बशी वर धरली.

मग पर्स उचलताना म्हणाल्या, "जुलैत तुम्ही संघाला कुणाचं नाव सांगणार? माझं? मला देवघेवची आवृत्ती सोडता येते का? तुम्ही दाखवता खूप. करू देत नाही."

मास्तर त्यांच्यासाठी दार धरायला उठले. म्हणजे तेही त्यांच्याच बाजूचे. पानाच्या तळाशी आज 'ओव्हरटेक करू नये'. या डायरीचा मला आता राग यायला लागलाय.

रविवार, ९ एप्रिल

बायकोला सांगितलं. तिने निम्म्यातच ओळखलं. सासूबाईंचा किस्साही सांगितला, तर ती हसता हसता ओट्याला टेकली. का, ते सांगेना. "मास्तरांना विचार," एवढंच.

मग मी तिला विचारलं, "तुझ्या पायाखाली दुसरा ब्रेक असतो. शिकाऊ माणूस चुकला की तू काय करतेस?"

"पाय मागे घेते."

"म्हणजे?"

"म्हणजे जमेल तितका उशिरा दाबते. गाडी बंद पडते, मागचे हॉर्न वाजवतात. वाजवू देत. ज्याने बंद पडलेली गाडी भर चौकात स्वतः सुरू केली, तो चालवायला शिकला. मी प्रत्येक वेळी ब्रेक दाबला तर तो जन्मभर माझ्या शेजारीच बसून राहील."

"आणि ठोकली तर?"

"बंपर कशासाठी असतो मग?"

मास्तरांना फोन करून सासूबाईंचं विचारलं. त्यांनी सांगितलं. मी फोन ठेवला आणि बराच वेळ गच्चीत जाऊन बसलो. म्हणे कित्येक वर्षांपासूनचं नाव आहे. दाढीने ठेवलेलं.

शनिवार, १५ एप्रिल

नर्सबाईंचा मूळ पॅच शोधून काढला. पुन्हा वाचला, या वेळी त्या ढकलगाडीच्या मागे उभं राहून वाचावा तसा. वसतिगृह, तुरुंग आणि जहाज हे कुणीही मागितलेलं नव्हतं. त्यांना हवं होतं ते एवढंच, की मेलेल्या माणसाच्या घरी पुस्तकाची आठवण जाऊ नये. ते त्यांनी लिहिलेल्या ओळींत होतं. माझ्या ओळींत ते शोधावं लागत होतं. मला वाईट वाटलं. खरंच वाईट वाटलं.

माझं सगळं काढलं, त्यांचं होतं तसं लावलं, त्यांच्या नावाने. आणि खाली मास्तरांना लिहितो तसं लिहिलं: 'तिसऱ्या ओळीत गडबड आहे. पेशंट दुसऱ्या वॉर्डात हलवला तर काय? तुमचं तुम्ही बघा.' 'बघा'च्या जागी 'बघ' लिहायला हात धजावला नाही.

संध्याकाळच्या आत उत्तर: 'बघितलं. तुमचं बरोबर आहे. पुढच्या शनिवारी येते.'

शनिवार, ६ मे

अवघड दिवस. तक्रारबाई नवीन काम करताहेत: परतीची तारीख वाचनालयाच्या सुट्टीच्या दिवशी आली तर ती पुढच्या उघड्या दिवसावर ढकलायची. वाचकांची फार जुनी मागणी. मी शेजारी बसून बघत होतो. त्या जे एका ओळीत होईल ते सहा ओळींत लिहीत होत्या. मी मूग गिळून बसलो. हात मांडीखाली दाबून ठेवले. नर्सबाई म्हणाल्या, "सर, मुंग्या येतील." आल्या.

आता मी फक्त प्रश्न विचारतो. 'अमुक झालं तर काय?' उत्तर त्यांनी शोधायचं. वेळ दुप्पट लागतो. मला भूकही दुप्पट लागते.

शनिवार, ३ जून

ठरलं. पुढच्या शनिवारची आवृत्ती तक्रारबाई सोडणार. मी खोलीत नसणार. ही अट त्यांचीच. मी त्यांचं काम मास्तरांचं वाचतो तसं एकदाच वाचलं, दोन शंका काढल्या, त्यांनी त्या निस्तरल्या. मला काही चूक दिसली नाही.

आठवडाभर मी काय करू?

शनिवार, १० जून

बायकोने मला सकाळीच गाडीत मागच्या सीटवर बसवलं आणि फोन काढून डॅशबोर्डच्या खणात टाकला. "घरी सोडलं तर तू लुडबुड करशील," म्हणाली.

आजची शिकाऊ एक दातांची डॉक्टर. लोकांच्या दाढा बिनदिक्कत उपटणारी बाई, पण क्लचवर पाय ठेवताना चेहरा पांढरा. पहिल्याच चौकात गाडी बंद. मागे हॉर्नचा कल्लोळ. बायको खिडकीतून बाहेर बघत एका घराच्या रंगाबद्दल बोलत होती. तिचे पाय पाहिले. खरंच मागे, अगदी सीटखाली. मी मात्र मागे बसून नसलेला ब्रेक दाबत होतो. पायाखालची चटई गोळा झाली. डॉक्टरीणबाईंनी किल्ली फिरवली, गाडी आचका देऊन निघाली, आणि त्या एवढ्या मोठ्याने "निघाली!" म्हणून ओरडल्या की मीही ओरडलो.

तेवढ्यात खणातला फोन वाजायला लागला. थांबेना. बायको म्हणाली, "घे. पण फक्त ऐक."

मास्तर होते. "फुटलंय. ये, पण हात घरी ठेवून ये."

झालं होतं असं. एका गावच्या वाचनालयाची इमारत दुरुस्तीला काढलीय, पुस्तकं शेजारच्या शाळेच्या हॉलमधून देतात. तिथल्या ग्रंथपालाने इमारत 'बंद' म्हणून नोंदवली आणि कधीपर्यंत, तर मनाला येईल ते वर्ष घातलं. नव्या आवृत्तीने इमानदारीने पुढचा उघडा दिवस शोधला. आज सकाळपासून तिथे नेलेल्या प्रत्येक पुस्तकावर पस्तीस वर्षांनंतरची तारीख छापून जात होती. गावभर बातमी झाली. वाचकांची ही रांग! एक आजोबा जाडजूड कोश घेऊन गेले म्हणे, निवांत वाचतो म्हणाले. आणि तसाच प्रकार आणखी दोनतीन ठिकाणी.

मी जिना कसा चढलो मला आठवत नाही. तक्रारबाई फोनवर होत्या, नर्सबाई शेजारी बसून वाचनालयांना थांबायला सांगत होत्या. मी दारातूनच ओरडलो, "अगं, काय केलंस हे!"

सगळ्यांनी वळून पाहिलं. खालचं मशीनही नेमकं तेव्हाच थांबलं. एवढ्या महिन्यांत मी त्यांना कधी 'अगं' म्हटलं नव्हतं.

त्यांनी फोनवर हात ठेवला. "फोडलं," त्या म्हणाल्या. चेहऱ्यावर भीती होती, घाम होता, आणि बाई हसत होती. इतक्या आनंदाने चूक मान्य करणारं माणूस मी पाहिलेलं नाही.

"मी बघू का?" मी विचारलं.

"नको."

मी हात खिशात घातले. मास्तर म्हणाले, "दोन्ही."

मला चूक कुठे आहे ते तिथून दिसत होतं. मी एक मर्यादा घातली असती: अमुक दिवसांपुढे शोधू नको, विषय संपला. त्यांनी तसं केलं नाही. आधी त्या ग्रंथपालाला विचारलं, ते वर्ष का घातलं. तो म्हणाला, नाहीतर प्रोग्राम रोज 'इमारत उघडली का' विचारून डोकं खातो. म्हणजे मूळ दुखणं माझ्याच जुन्या कोडमध्ये निघालं. त्यांनी ते रोजचं विचारणं बंद केलं, आणि लांबची सुट्टी कुणी घातली तर देवघेव आता एकदाच विचारतं, 'तोवर पुस्तकं कुठून देणार?' ओळी नेहमीप्रमाणे जास्तच होत्या. एकदा त्या अडल्या, माझ्याकडे पाहिलं, मी खिशातल्या खिशात मुठी वळल्या, त्या पुन्हा स्क्रीनकडे वळल्या आणि सुटल्या. वाचनालयं बंद व्हायच्या आत सुधारलेली आवृत्ती गेली. माझा जीव भांड्यात पडला.

त्या आजोबांनी मात्र तारीख बदलून घ्यायला साफ नकार दिलाय. छापील आहे म्हणाले.

मास्तरांनी कान तुटलेला कप काढला, पंच्याने पुसला आणि दोन्ही हातांनी पुढे केला. तक्रारबाईंनी सगळ्यांना चहा पाजला, खाली छापखान्यातल्या लोकांनासुद्धा. पहिल्याच घोटाला बोटं भाजली. "आई गं!" म्हणून कप ठेवला आणि लगेच उचलला, कुणी परत घेईल की काय असा.

त्यांना आता तक्रारबाई म्हणता येणार नाही. 'पस्तीस वर्षं' हे नाव मास्तरांनी ठेवलं आणि ते चिकटलं.

शनिवार, १ जुलै

अध्यक्षबाई जिना चढून आल्या. दम खाल्ला आणि म्हणाल्या, "मध्ये म्हणे फुटलं होतं?"

मी म्हणालो, "त्याचं असं झालं की..."

"तुम्हाला नाही विचारलं."

पस्तीस वर्षं म्हणाल्या, "हो. माझ्या हातून. त्याच दिवशी दुरुस्त करून सोडलं."

"आणि हे कुठे होते?"

"खिशात हात घालून उभे होते."

अध्यक्षबाईंनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "दोन्ही?"

"दोन्ही," मास्तर म्हणाले.

"मग चालेल," त्या म्हणाल्या. विकतच्या प्रोग्रामची बोलणी थांबवली. मी टेबलाला धरून उभा राहिलो. मशीनमुळे ते हलत होतं, मीही हलत असणार. मग त्यांनी पस्तीस वर्षंच्या हातातल्या कपाकडे पाहून विचारलं, "या बाईंना धड कप मिळत नाही का इथे?" सगळे हसले, मी सगळ्यांत जास्त. त्यांना कुणी काही समजावून सांगितलं नाही.

शनिवार, १९ ऑगस्ट

बायकोने मला ओढून सुट्टीवर नेलं होतं. समुद्र, झोप, आणि फोन पुन्हा तिच्या ताब्यात. आज परतल्यावर थेट माडीवर गेलो.

वर गलका. चारपाच नवे चेहरे, त्यांत एक ती दातांची डॉक्टरीणबाईसुद्धा, बायकोने धाडलेली. दवाखान्याच्या प्रतीक्षाखोलीतल्या मासिकांसाठी तिला देवघेव हवंय. नर्सबाईंच्या हातात कान तुटलेला कप.

"हे कधी झालं?" मी विचारलं.

"गेल्या सोमवारी," नर्सबाई म्हणाल्या. "माझ्या पॅचने एका वसतिगृहातल्या सगळ्या मुलांना बरं करून घरी पाठवलं. अर्धा दिवस एकाचंही पुस्तक बाकी नव्हतं. पोरं खूष."

"आणि?"

"आणि काय? पस्तीस वर्षं आली, मी होते, मास्तर होते. झालं."

"मला कुणी फोन कसा नाही केला?"

त्या एकमेकींकडे बघायला लागल्या. पस्तीस वर्षं अगदी मायेने म्हणाली, "अरे, कशाला? तू सुट्टीवर होतास ना!"

तिने मला पहिल्यांदाच 'अरे' म्हटलं. मला किती बरं वाटलं ते मी इथे लिहिणार नाही.

मी कोपऱ्यातल्या खुर्चीत बसलो. माझ्या नेहमीच्या खुर्चीत डॉक्टरीणबाई होत्या आणि एका ओळीवरून मास्तरांशी भांडत होत्या. मास्तर चुकत होते. सांगावंसं वाटलं, पण तिचं तिला सापडत आलं होतं.

मग नर्सबाईंनी चहा आणून दिला. "घ्या सासूबाई," म्हणाल्या, आणि सगळी खोली खदखदली.

घरी आल्यावर बायकोने विचारलं, "काय मग, कसं चाललंय तुझ्याशिवाय?"

"उत्तम," मी म्हणालो. "मला चहा दिला. पाहुण्यांच्या कपातून. बशीसकट."

तिने 'हं' केलं. आज मला ते पहिल्यांदाच कळलं.

पुढच्या शनिवारी काहीतरी फोडायलाच हवं.